राखाडी चौकोन

हाताला ग्रीस होतं म्हणून मिस्त्रीने आधी करंगळीने फोन उघडून पाहिला. जमलं नाही. मग शर्टाच्या आतल्या बाजूला अंगठा पुसला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, लिफ्टच्या बंद केलेल्या मोटरशेजारी, उभ्या उभ्या वाचू लागला. ‘तुमच्या शोधाशी जुळणारी एक नोंद सापडली आहे.’ असल्या सूचना त्याला अधूनमधून येत. उघडून पाहावं तर नावात साम्य असलेला भलताच इसम निघे. कधी गाव चुकीचं, कधी शतकच चुकीचं. या खेपेला नाव बरोबर होतं. आजोबांचं नाव बरोबर, आजीचं बरोबर, जन्माचं साल आणि गावही बरोबर. समुद्रापार जाऊन हरवलेला त्याचा बाप अखेर सापडला होता.

आणि सापडला याचा अर्थ तो मेला होता.

वंशावळी जुळवणाऱ्या त्या संकेतस्थळाचा नियमच तसा होता. जगभरची माणसं तिथे आपापल्या घराण्याचे वंशवृक्ष मांडून ठेवत, पण जिवंत माणसाचं नाव परक्याला दिसत नसे. जिवंत माणूस म्हणजे नुसता राखाडी चौकोन, आत ‘हयात’ एवढाच शब्द. माणूस गेला, घरच्यांनी तशी नोंद केली, की चौकोन पांढरा व्हायचा आणि नाव, गाव, साल सगळं उघड्यावर यायचं. मिस्त्रीला हे पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं बाप सापडत नव्हता तेव्हा तो बायकोला म्हणायचा, "म्हातारा जिवंत आहे अजून. चौकोनात दडून बसलाय."

शोधायचं म्हणून त्याने काही कमी केलं नव्हतं. बाप ज्या बंदरातून निघाला तिथली प्रवाशांची जुनी दप्तरं धुंडाळली, पलीकडच्या बंदरांची चाळली, परक्या भाषेत मोडकेतोडके अर्ज लिहून परदेशी कचेऱ्यांना पाठवले. रक्ताचं नातं जुळवतात म्हणून एका नळीत थुंकून ती नळीही पोस्टाने पाठवली. बायको तेव्हा हसून लोळायची बाकी राहिली होती. "बापावर थुंकायचं होतं ते नळीत थुंकलात," ती म्हणाली होती.

खोटं नव्हतं ते. बापाला शोधायचं ते काही गळ्यात पडून रडायला नव्हे. मिस्त्रीला भांडायचं होतं. चार वर्षांच्या पोराला आणि तरण्याताठ्या बायकोला मागे ठेवून जो माणूस जहाजात बसतो, थोडे दिवस पत्रं धाडतो आणि मग एक दिवस ताकास तूर न लागू देता गप्प होतो, त्याला समोर उभं करून विचारायचं होतं, की बाबा रे, तुला एकदाही मागे वळून बघावंसं वाटलं नाही? हे वाक्य त्याने लिफ्टच्या खड्ड्यात, दोरांना तेल घालताना, मोठमोठ्याने म्हणून घासूनपुसून ठेवलं होतं. आणि हा लेकाचा भांडण न देताच निघून गेला. पुन्हा एकदा.

दातओठ खात त्याने पडदा खाली सरकवला. बापाच्या नावाला दोन फाटे फुटले होते. एक दुसऱ्या बायकोकडे जात होता. ती बाई पांढरी, म्हणजे गेलेली, आणि तिच्याखाली एक राखाडी चौकोन. दुसरा फाटा पहिल्या बायकोकडे. ती राखाडी. ती आई. ती घरी होती, हयात होती, तेव्हा ते बरोबरच होतं. तिच्याखालीही एक मूल होतं आणि ते पांढरं होतं. त्यावर मिस्त्रीचं स्वतःचं नाव होतं. जन्माचं साल त्याचंच. पुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मृत्यूचं साल. सातव्या वर्षीच तो वारला होता.

फोन वाजला. खालून रखवालदार बोलत होता.

"मिस्त्री, अजून किती वेळ? वकीलबाई खाली खोळंबल्यात. वर अशील वाट बघतोय म्हणतात."

"जिन्याने जा म्हणावं."

"त्यांचे गुडघे दुखतात."

"माझं डोकं दुखतंय. मी मेलोय म्हणून सांग त्यांना."

त्याने फोन आपटल्यासारखा बंद केला आणि पुन्हा उघडला. ज्याने कुणी हा वृक्ष मांडला होता त्याला निरोप पाठवायची सोय तिथेच होती. मिस्त्रीने तिथल्या तिथे लिहायला घेतलं. ज्याला तुम्ही मारून टाकलंत तो मी, लिफ्टच्या मोटरशेजारी धडधाकट उभा आहे. तुमच्या बापाने मला टाकलं तेवढं पुरलं नाही म्हणून मारलंही का? बरोबर आहे, मेलेल्या पोराबद्दल कुणी विचारत नाही, का सोडलंत म्हणून. माझं नाव तिथून ताबडतोब काढा. रागाच्या भरात त्याने ते आपल्याच भाषेत लिहिलं होतं, हे पाठवल्यावर लक्षात आलं. मग म्हणाला, समजू दे नाहीतर न समजू दे. ब्रेकचं काम मात्र त्याने नीट पुरं केलं, दोनदा गाडी वरखाली करून पाहिली आणि मगच हत्यारं आवरली. कामावर राग काढायची त्याला सवय नव्हती.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर अक्षरं धरून तिला बारीकसारीक बघायची खोड लागली होती. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने फोन हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"तुम्हालाच का मारलं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थाप मारायची तर माणूस दोघांची मारेल ना. बायको मेली, पोर मेलं, मी सुटलो. इथे सासूबाई राखाडी. म्हणजे त्या मेल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. बायकोला जिवंत ठेवून नुसत्या पोराला कोण मारतं?"

"त्याच्या डोक्यात काय होतं ते मला काय माहीत? हलकट माणूस."

"हळू. बाहेर ऐकू जातंय."

बाहेर आई होती. तिला हा शोध पहिल्यापासून आवडत नव्हता. वंशवृक्षाचा विषय निघाला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची किंवा कान किटल्यासारखं करून म्हणायची, "कशाला उकरतोस सोन्या? गेला तो गेला." पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेल्या मिस्त्रीला ती अजून सोन्या म्हणायची. त्यालाही त्यात वावगं वाटत नसे. या बाईने इस्पितळाच्या धोबीखान्यात उभं राहून, हातभर चटके सोसून, चादरींच्या ढिगांतून त्याला वाढवलं होतं. तिच्यासाठी तो बापाशी भांडणार होता. तिचा राग त्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता, तिने न मागता.

आणि नुसता राग घेतला असता तर गोष्ट वेगळी. लग्न झाल्यावर त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, आपल्याला मूल नको. असल्या बापाचं रक्त आपल्यात आहे, उद्या आपणही एक दिवस उठून चालते होऊ आणि आणखी एका पोराचं वाटोळं होईल. बायको आधी हसली, मग भांडली, मग रडली, मग पुष्कळ वर्षांनी थट्टा करू लागली. "झाडाला पाणी घातलंत का आज?" ती विचारायची तो फोन घेऊन बसला की. ती थट्टा कुठून येते हे दोघांनाही माहीत होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मिस्त्री जेवायला घरी आला होता. बायकोही सुट्टीवर होती. उत्तर त्याच्याच भाषेत होतं. घरात ऐकून शिकलेल्या आणि कधी शाळेत न लिहिलेल्या माणसाची भाषा.

‘दादा, मी तुमचा निरोप वाचून खाली बसले. मला माहीत नव्हते. पण बाबा खोटे बोलले नाहीत. बाबा तुम्हाला आणायला येणार होते. त्यांनी तिकीट काढले होते. निघायच्या आधी तुमच्या घराजवळच्या दुकानात फोन केला. तुमच्या आई फोनवर आल्या. त्या म्हणाल्या, मुलगा तापाने गेला, आता येऊ नका. हे बाबांनी मला पुष्कळ वेळा सांगितले आहे. तुमचा लहानपणीचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. मी लहान असताना मला वाटायचे की मला एक दादा होता.’

मिस्त्रीने ते वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्याला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. त्याने फोन बायकोपुढे सरकवला आणि ताटावरून उठला.

आई बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. कडेला कडा लावून, तळव्याने दाबून, एकावर एक. धोबीखाना सुटून वर्षं झाली तरी तिची घडी दुकानातल्यासारखी पडायची.

"आई, मी कधी मेलो?"

"काय अभद्र बोलतोस भरल्या घरात."

"तापाने गेलो म्हणे. दुकानातल्या फोनवर तूच सांगितलंस."

तिचे हात थांबले. हातातल्या टॉवेलाच्या कडा जुळल्या नव्हत्या. तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"कुणी सांगितलं?"

"त्याच्या मुलीनं."

"मुलगी आहे त्याला?"

"आई!"

"म्हणजे तो गेला," ती म्हणाली. "असता तर तोच बोलला असता तुझ्याशी."

मिस्त्रीला वाटलं होतं, ती नाकारेल. असं कसं होईल, मी असं कशी म्हणेन, म्हणेल. त्या नाकारण्यासाठी तो तिच्यासमोर उभा होता. तिने एकदा नाही म्हटलं असतं तर त्याने त्या परक्या मुलीला वाटेल ते ऐकवलं असतं. पण आई नाही म्हणत नव्हती. ती टॉवेलाकडे बघत होती.

"तो यायला निघाला होता," ती म्हणाली. "मला न्यायला नव्हे. तिकडे त्याचं दुसरीशी जमलं होतं, ते त्यानं लपवलंसुद्धा नाही. पोराला नेतो म्हणाला. तिकडच्या शाळेत घालतो, शिकवतो, माणूस करतो. म्हटलं, आणि मी? तर म्हणाला, तुझं बघू काहीतरी. बघू काहीतरी! मी काय अडगळीतलं कपाट होते? माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, पोरगं गेलं. कुणाला न्यायला येतोस आता?"

"निघून गेलं?"

"पहिल्यांदा निघून गेलं. मग तो तिकडे रडायला लागला. दुकानदार माझ्याकडे बघत होता. तेव्हा सांगता आलं असतं मला." तिने टॉवेल चळतीवर ठेवला. "नाही सांगितलं. काही पाठवू नकोस म्हटलं, पत्रही नको म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी धोबीखान्यात कामाला लागले. मी काही फुकट नाही घेतलं तुला."

"आणि मला काय सांगितलंस? बाप टाकून गेला."

"टाकूनच गेला होता."

"तुला! मला नव्हतं टाकलं त्यानं!" त्याचा आवाज इतका चढला की खिडकीबाहेरून जाणारं कुणीतरी थबकलं. "मी जन्मभर एका माणसाला शिव्या घातल्या. झोपेत घातल्या. कामावर घातल्या. तू शेजारी बसून ऐकत होतीस. एक दिवस तरी म्हणायचंस, पुरे."

"म्हणत होते. उकरू नको म्हणत होते."

"ते तुझ्यासाठी म्हणत होतीस!"

बायको फोन हातात घेऊन दाराशी येऊन उभी राहिली होती.

"याच खोलीत," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटत होता. "याच खोलीत मी तुला सांगितलं, आम्हाला मूल नको. का नको तेही सांगितलं. हे रक्त पुढे न्यायचं नाही म्हणालो. ही तिथे उभी राहून रडत होती, आता उभी आहे तिथेच. तू तेव्हा कुठे होतीस?"

"इथेच होते."

"मग?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू त्याच्याकडे गेला असतास."

"गेलो असतो! एकदा गेलो असतो, भेटलो असतो, परत आलो असतो!"

"कोण परत येतं?" आई म्हणाली.

सासूशी बायकोने आयुष्यात आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"मला सांगायचंत, आई," ती म्हणाली. "मी कुठे जाणार होते?"

एवढं बोलून ती आत गेली. आतून ना भांड्याचा आवाज आला, ना नळाचा. मिस्त्रीला ती शांतता सहन झाली नाही. त्याने हात घातला आणि घड्यांची ती सगळी चळत जमिनीवर उधळून दिली. टॉवेल, उशांचे अभ्रे, त्याचेच कामावरचे शर्ट. आई खाली बसली. बसायला तिला वेळ लागला, एक हात भिंतीला टेकवावा लागला. मग तिने जवळचा अभ्रा ओढून कडेला कडा लावली. मिस्त्री चपला घालून बाहेर पडला.

पुढचे दिवस घरात जेवण वेळेवर होत होतं, एवढंच. बायको सासूचं ताट वाढायची, औषध पुढ्यात ठेवायची, पाण्याचा पेला भरायची आणि काही न बोलता निघून जायची. मिस्त्री बाहेरच खायचा. इमारतींमधल्या लोकांवर खेकसायचा, दार धरून ठेवणाऱ्यांना झापायचा. एका बँकेच्या साहेबाला त्याने सरळ विचारलं, "पाय दिलेत ना देवानं?" तक्रार झाली. त्याला तेही बरं वाटलं; निदान तिथे कुणीतरी उलटून बोलत होतं. घरी आई उलटून बोलत नव्हती, रडत नव्हती, माफीही मागत नव्हती. तिने एकदा जरी हात धरला असता तरी त्याने झिडकारला असता, पण ती तेवढीही संधी देत नव्हती.

बहीण मात्र रोज लिहायची. हिला बहीण म्हणायचं, हे त्याने ठरवलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत मनात तसं होऊन गेलं. तिने सांगितलं की बाप तिकडे दिवे दुरुस्त करायचा, मग त्याचं स्वतःचं छोटं दुकान झालं. फार हट्टी होता. मुलीशी तो आपल्याच भाषेत बोलायचा, आणि ती दुसऱ्या भाषेत बोलली तर बहिऱ्यासारखा बसायचा. एका निरोपात तिने कळवलं, की वंशवृक्षातली चूक दुरुस्त केली आहे. मिस्त्रीने उघडून पाहिलं. त्याचं नाव गेलं होतं, त्या जागी राखाडी चौकोन होता. जिवंत झाल्याबरोबर तो नाहीसा झाला होता.

मग तिने लिहिलं, रविवारी फोन करते. आणि खाली लिहिलं, ‘बाबांनी शेवटच्या दिवसांत तुमच्या आईंसाठी एक निरोप ठेवला आहे. फक्त त्यांनाच सांग, दुसऱ्या कुणाला नको, असे म्हणाले होते. त्या बोलतील का?’

मिस्त्रीने ते आईला वाचून दाखवलं. कोरड्या आवाजात, भाव न देता, बिलावरचा मजकूर वाचावा तसं. आईचा हात पोटावर होता तो छातीशी गेला, आणि तिने विचारलं, "रविवारी किती वाजता?"

रविवारी सकाळी ती लवकर उठली. केस विंचरले, चष्म्याच्या काचा पदराने पुसल्या, पुन्हा पुसल्या. मिस्त्री टेबलाशी येऊन बसला तेव्हा ती आधीच समोरच्या खुर्चीत बसलेली होती, फोनकडे तोंड करून. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. इतक्या दिवसांनी तिघं एका खोलीत आली होती.

फोन वाजला. मिस्त्रीने आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"दादा?"

तिचा आवाज त्याच्या कल्पनेपेक्षा जाड होता. बोलताना शब्द परक्या वळणाने यायचे, पण शब्द जुने होते. आता कुणी वापरत नाही असे. बापाने घरातून जाताना जी भाषा बरोबर नेली होती ती तशीच्या तशी ठेवून तिला दिली होती. ती एकाच वेळी हसत होती आणि नाक ओढत होती. तिने त्याला विचारलं, तो काय काम करतो. लिफ्ट म्हटल्यावर म्हणाली, "बाबांना लिफ्टची भीती वाटायची. सगळीकडे जिन्याने जायचे." मिस्त्रीला हसू आलं आणि हसू आलं याचा रागही आला. तिने विचारलं, तुम्हाला मुलं किती?

ओट्याशी काहीतरी पुसत असलेला बायकोचा हात थांबला.

"नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"ओह," ती म्हणाली. "असो, चालायचंच." मग म्हणाली, "दादा, एक सांगू? मला तुमच्या आईंचा राग नाही. मी खूप विचार केला. बाबांना शेवटी शेवटी वाटायचं, की त्यांचंच चुकलं. ते म्हणायचे, मीच तिला असं काही बोललो, की तिला पोराचा शेवटही धड सांगता आला नाही. त्यांचाही राग नव्हता. तुम्हीही राग ठेवू नका. झालं ते झालं, नाही का?"

झालं ते झालं. मिस्त्री फोनकडे बघत राहिला. मेलेल्या माणसाचा राग फिटला होता. जिला भाऊ मिळाला होता तिचा फिटला होता. समोर बसलेल्या बाईला तर राग कशाला येईल. तिला हवं ते मिळून पन्नासेक वर्षं व्हायला आली होती. सगळे मोकळे झाले होते. ज्याचं सगळं गेलं होतं त्यालाच सांगत होते, राग ठेवू नकोस. ओट्याशी पाठमोरी उभी असलेली त्याची बायको हलत नव्हती.

"त्या आहेत का तिथे?" बहिणीने विचारलं. "त्यांना देता? तो निरोप तेवढा..."

आईने फोनसाठी हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत इस्त्रीच्या जुन्या चटक्यांचे डाग होते. लहानपणी त्या डागांवर तो रात्री तेल लावायचा आणि मोठा झाल्यावर कुणाला तरी बडवायची शपथ घ्यायचा. तिचे ओठ आधीच हलत होते, पहिला शब्द जुळवत असल्यासारखे.

"आई गेली," मिस्त्री म्हणाला.

बायकोने वळून बघितलं.

"अरेरे," बहीण म्हणाली. "मला वाटलं होतं... अरेरे. मग तो निरोप आता राहिलाच, दादा. तुम्हाला नाही सांगता येणार. बाबांनी शपथ घातली होती. त्यांच्याबरोबरच गेला म्हणायचा." तिने नाक ओढलं. "कधी गेल्या?"

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. एक वाक्य बोलल्यावर लगेच दुसरं लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने फोनवर तळवा दाबून धरला आणि आईकडे पाहिलं.

तिचा हात अजून टेबलावर अर्ध्या वाटेत होता. तो तिने हळूहळू मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. आपल्या मुलाने आता काय केलं हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच कळलं नव्हतं.

"तुझ्या पाठोपाठ, त्याच साली म्हणून सांग," ती हळू आवाजात म्हणाली.

मिस्त्रीने तळवा उचलला आणि ते साल सांगितलं.